विहिरीकडचं टोक

— आन् चिडलो न्हाई हो मी, आवाजच असा हाये माझा. तुम्ही फक्त ‘नदीम तुमच्याकडं कामाला होता का’ एवढंच विचारलं आन् मी एकदम उठून उभा राह्यलो, म्हणून तुम्हाला तसं वाटलं असंल. बसा. ती खुर्ची नका घेऊ, तिचा एक पाय हलतो, ही घ्या. होता ना, नदीम आमच्याकडं साडेचार वर्षं होता — ह्याच खोलीत, त्या खिडकीपाशी, जिथं आता प्रिंटर ठेवलाय तिथं त्याचं टेबल होतं. तुमची एजन्सी संभाजीनगरची, आन् नोकरी पुण्याची, बराबर? म्हणजे मुलाखत झाली, पसंत पडला, आता फक्त मागच्या ठिकाणी विचारून घ्यायचं राह्यलं, आन् तेवढ्यासाठी तुम्हाला जालन्यात, मस्तगडात, हा जिना चढायला लावला. फोनवर विचारलं असतं तरी सांगितलं असतं मी. न्हाई — खरंय तुमचं, तीन वेळा मीच कट केला फोन. कामात होतो. कामात नव्हतो, पण कट केला.

राधेश्याम शेठ इंदूरला गेलेत, म्हणून तुम्हाला माझ्याकडं पाठवलं. ते असते तरी त्यांनी मलाच बोलावलं असतं, कारण आता इथलं सगळं मीच बघतो. मी आदिनाथ. बाहेर पाटीवर नाव हाये, वाचलं असंल. तर कामावरून का काढलं — लिहा की, आमच्या नोंदीत जे हाये ते लिहा. ‘कामात गंभीर चूक.’ चूक कुणी पकडली? माणसानं न्हाई पकडली साहेब, हत्यारानं पकडली. हत्यार म्हणजे प्रोग्रामच, पण आम्ही हत्यार म्हणतो. ‘निम्मा’ नाव त्याचं. मी बनवलेलं. तुम्ही ह्या धंद्यातले न्हाई ना? चांगलंय. तरी सांगतो, त्याच्याशिवाय समजायचं न्हाई तुम्हाला, आन् चहा यायला अजून येळ हाये.

आमचं काम काय, तर बियाणं कंपन्यांना लेबलं छापायचं सॉफ्टवेअर देणं. पाकिटावर असतं ना — लॉट नंबर, उगवण किती टक्के, कधीपर्यंत चालंल. प्रयोगशाळेतून निकाल येतो, पास लॉटचं लेबल छापायचं, नापासाचं छापायचं न्हाई, संपलं. वरून सोपं दिसतं. आता ह्या प्रोग्राममध्ये रोज कुणी ना कुणी काही बदलत असतं, आन् प्रत्येक बदलाची नोंद राहते — कोणी केला, कधी केला, कशासाठी केला. पुसता येत न्हाई ती नोंद, हे ध्यानात ठेवा. मंग एक दिवस काहीतरी बिघडतं. महिन्याभरापूर्वी चाललं, आज चालंना. मधी बदल झाले पन्नास. कोणत्या बदलानं बिघडलं? एकेक बघत बसलं तर दोन दिवस जातात. तर काय करायचं — मधला घ्यायचा, पंचविसावा. तेव्हा चालत होतं का? चालत होतं, तर बिघाड त्याच्या पुढं. मंग पुढल्या पंचविसातला मधला. असं निम्मं-निम्मं करत गेलं की पाच-सहा तपासण्यांत नेमका बदल हातात येतो. आन् तपासण्या हत्यार स्वतःच करतं, तुम्ही नुसतं बघायचं.

हे काही मी शोधलेलं न्हाई. जगात सगळीकडं हाये. पण मला हे कॉलेजात शिकायच्या आधीपासून येत होतं, कारण आमचे वडील, रामकिसन, हसनाबादला हेच करायचे. विहिरीपासून शेतापर्यंत दोन हजार फूट पाईप जमिनीखाली, आन् शेवटाला पाणी येईना. बाकीचे लोकं सगळा चर उकरायचे. आमचा बाप मधला जोड उघडायचा. पाणी आलं? मंग इथपर्यंत ठीक, तुंबलंय पुढं. पुढल्याचा मधला उघडायचा. चार खड्ड्यांत काम. फक्त एक गोष्ट पक्की पाहिजे — विहीर कोणत्या बाजूला हाये. ते उलटं धरलं तर काय होतं? मधला जोड उघडला, पाणी आलं, म्हणजे तुमच्या हिशोबानं दोष दुसऱ्या बाजूला — आन् तुम्ही विहिरीकडं सरकत जाता. प्रत्येक जोडाला पाणी येतंच, आन् तुम्ही सरकतच जाता, आन् शेवटी विहिरीच्या काठावर जाऊन बसता आन् म्हणता, सापडला, हाच तो जोड, इथंच तुंबलंय. पहिलाच जोड, विहिरीला लागून असलेला. बिचाऱ्याचा काही गुन्हा न्हाई, तो फक्त पहिला हाये.

हसू नका. न्हाई, हसला न्हाईत तुम्ही, मला वाटलं.

तर ह्या निम्म्याला दोन टोकं सांगावी लागतात. एक, जेव्हा चालत होतं ते. दोन, जेव्हा बिघडलेलं दिसलं ते. आता ही टोकं सांगायची कशी? काळ्या पडद्यावर हुकूम टाईप करायचा, त्याच्यापुढं दोन आकडे. मी काय केलं — आधी बिघडलेलं, मंग चाललेलं. कशामुळं? कारण गिऱ्हाइकाचा फोन येतो तेव्हा तो आधी बिघडलेलंच सांगतो ना. माझ्या डोक्यात तोच क्रम बसला. आन् कसं वापरायचं म्हणून जी एक ओळ येते मदतीची, तिच्यात लिहिलं होतं, ‘निम्मा, एक, दोन’. बस. एक काय, दोन काय, ते लिहिलंच न्हाई. मला म्हाईत होतं ना. नदीमला म्हाईत होतं. आम्ही दोघंच चालवायचो ते. तिसऱ्याला कशाला सांगायचं.

नदीम म्हणाला होता. हे मी तुम्हाला सांगायलाच पाहिजे असं काही न्हाई, पण म्हणाला होता. इथंच, चहा पिताना, खराब झालेल्या लेबलाच्या कागदावर मागून लिहून दाखवलं त्यानं. आदीभाई म्हणायचा मला, वयानं मी पाच वर्षांनी मोठा. म्हणाला, आकड्याला नाव द्या. दोन रेघा मारून ‘चालत-होतं’ लिहायचं आन् त्याच्यापुढं आकडा, दोन रेघा मारून ‘बिघडलं’ लिहायचं आन् त्याच्यापुढं आकडा, मंग कुणी आधी टाकू दे का मागून टाकू दे, फरक पडत न्हाई. आन् तरी कुणी अदलाबदल केलीच, तर काम सुरू करायच्या आधी दोन्ही टोकं एकदा तपासायची — जे चालत होतं म्हणता ते खरंच चालतंय का, बिघडलं म्हणता ते खरंच बिघडलंय का — न्हाईतर थांबायचं आन् सांगायचं, बाबा तुझी टोकं उलटी हायेत. आन् तिसरं एक. माझं हत्यार शेवटी काय दाखवायचं, तर पहिल्याच ओळीत माणसाचं नाव, जाड अक्षरात. त्याच्या खाली बदल. नदीम म्हणाला, नाव कशाला? आपण बिघाड शोधून राह्यलो, माणूस न्हाई. बदल दाखवा, नाव पाहिजे असंल तर त्यानं वेगळं मागावं, त्याला वेगळा ऑप्शन ठेवा.

मी काय म्हणालो, सांगू? मी म्हणालो, ज्याला येत न्हाई त्यानं चालवू नये. सगळ्यांच्या पुढं म्हणालो. आन् म्हणालो, नाव आलं की माणूस नीट काम करतो. लोकं हसले. तो पण हसला, कागदाची घडी करून खिशात ठेवली त्यानं. दीड तासाचं काम होतं ते साहेब. दुपारच्या जेवणाच्या आत झालं असतं. पण त्यानं सांगितलं म्हणून मी करायचं? हत्यार माझं. गर्व कशाचा होता ते आता आठवत पण न्हाई, पण होता.

आला चहा. साखर जास्त असती ह्याच्यात, आधीच सांगतो.

मंग ते झालं. उन्हाळी भेंडीचं बियाणं होतं एका कंपनीचं, नाव सांगत न्हाई, हैदराबादची. एक लॉट प्रयोगशाळेत नापास झाला, आन् आमच्या प्रोग्रामनं त्याचं लेबल छापून दिलं. पास म्हणून. पाकिटं दुकानात गेली, काही परत आणली, काही लोकांनी पेरून टाकली होती. ज्यांनी पेरली त्यांचं रान उगवलंच न्हाई. फेब्रुवारीतली गोष्ट, आता दीड वर्ष होईल. कंपनीचे दोन माणसं इथं आले, हे तुम्ही बसलात तिथंच बसले, आन् शेठला म्हणाले, आम्हाला वर कळवायचंय, कुणामुळं झालं ते नाव द्या. कशामुळं झालं ते न्हाई. कुणामुळं. मी नव्हतो त्या दिवशी, हसनाबादला पुतणीच्या साखरपुड्याला गेल्तो, आन् तिथं मंडपात फोन लागत नव्हता. नदीम सकाळपासून एका गिऱ्हाइकाकडं गेल्ता. ऑफिसात होती शालू. शालू आमच्याकडं लागून तीन महिने झाले होते. शेठ तिला म्हणाले, ते आदिनाथचं हत्यार चालव आन् नाव सांग.

पोरीनं मदतीची ओळ काढली. ‘निम्मा, एक, दोन.’ तिनं काय करावं? शहाण्या माणसानं जे केलं असतं तेच केलं. आधीचं आधी, नंतरचं नंतर. दिवाळीच्या आधी चालत होतं म्हणून ते पहिलं टाकलं, आजचं बिघडलेलं म्हणून ते दुसरं टाकलं. उलटं. हत्यार एका शब्दानं बोललं न्हाई. निमूट चालत राह्यलं विहिरीकडं, आन् काठावर जाऊन बसलं, आन् पहिल्या ओळीत जाड अक्षरात नाव आलं.

पहिला बदल. दिवाळीपासूनच्या अठ्ठेचाळीस बदलांतला पहिला. कुणाचा असणार तो? विचार करा. आमच्याकडं रिवाज होता — दिवाळीचे चार दिवस आम्ही सगळे गावाला, ऑफिस नदीम एकटा सांभाळायचा. ईदला तो सुट्टी घ्यायचा आन् त्याचं काम मी करायचो. साडेचार वर्षं हे असंच, कुणी कधी लिहून ठेवलं न्हाई. तर लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी एका गिऱ्हाइकाचा मला फोन आला, लेबल कागदाच्या बाहेर जाऊन राह्यलं. मी नदीमला सांगितलं, त्यानं कागदाचं माप बदलून दिलं. लांबी-रुंदी. बस तेवढाच बदल तो. आता तुम्ही सांगा, तुम्ही तर ह्या धंद्यातले पण न्हाई — कागदाची लांबी-रुंदी बदलल्यानं नापास बियाणं पास कसं होईल? कुणीच विचारलं न्हाई. नाव आलं होतं ना. शेठनं तासाभरात फोन केला, येताना लॅपटॉप जमा करून जा. आन् नाव दुसरं कुणाचं असतं तर शेठनं दोन दिवस घेतले असते, असं मी म्हणत न्हाई. म्हणजे म्हणतो, पण ते लिहू नका. शेठ माणूस वाईट न्हाई, घाबरलेला होता, आन् घाबरलेल्या माणसाला जे नाव सोपं पडतं ते त्यानं घेतलं.

काय? हां — उलटं होतं हे कसं कळलं? कळलं नंतर. नंतर म्हणजे… असंच, काम करता करता. कधी? कशाला पाहिजे तुम्हाला तारीख, तुमच्या रकान्यात तारीख न्हाई त्याची. दुसऱ्या दिवशी. दुसऱ्या दिवशी सकाळी, ऑफिसात आल्यावर पहिल्या पाच मिनिटांत. शालूनं काय टाईप केल्तं ते पडद्यावर तसंच होतं, मी नुसतं बघितलं आन् मला कळलं. हत्यार माझं हाये साहेब, मला न्हाई कळणार तर कुणाला.

मंग काय केलं — सुलटं टाकून चालवलं. दार लावून घेतलं आन् चालवलं.

कुणाचं नाव आलं, हे तुम्ही विचारलं न्हाई. मी ऐकलं तरी. चांगले माणूस हायेत तुम्ही, खाली बघून राह्यले. माझं आलं. एकतिसावा बदल, डिसेंबरातला. शेठ घाई करून राह्यले होते, म्हणाले प्रयोगशाळेचा निकाल यायला येळ लागतो, तोवर लेबलं छापून ठेवता आली पाहिजेत, निकाल आला की लावायची. मी एक ओळ बदलली. निकाल न आलेल्या लॉटला दार उघडलं, आन् त्याच दारातनं नापास लॉट पण जायला लागला. बघायला पाहिजे होतं. एका हातात फोन होता, दुसऱ्या हातानं केलं. एक ओळ, आन् वर माझं नाव, जाड अक्षरात. नाव आलं की माणूस नीट काम करतो, मीच म्हणल्तं.

तर मी ते बंद केलं आन् चहा प्यायला खाली गेलो.

शेठला सांगायचं होतं. खरंच सांगायचं होतं, तुमचा विश्वास बसो न बसो. म्हणलं, जेवण झाल्यावर सांगू. जेवण झाल्यावर शेठ हैदराबादवाल्यांशी बोलत होते, प्रकरण मिटलं म्हणत होते, माणूस काढला म्हणत होते. मंग म्हणलं, आधी दुरुस्ती तर करू. केली दुरुस्ती, माझ्याच ओळीत, आन् दुरुस्तीच्या नोंदीत कारण लिहावं लागतं ना — तिथं मी लिहिलं, ‘नदीमच्या बदलाचा परिणाम निस्तरला.’ कशाला लिहिलं? काहीही लिहिता आलं असतं. हाताला सवय झाल्ती एका दिवसात. आन् ती नोंद तिथंच हाये अजून, कुणीही उघडून वाचू शकतं, पण कोण वाचतंय. शालूनं वाचली होती बहुतेक. एकदा म्हणाली, सर, त्यांच्या बदलात तर फक्त मापच दिसतंय. मी म्हणालो, तुला अजून बरंच कळायचं हाये. ती परत बोलली न्हाई, सहा महिन्यांनी दुसरीकडं गेली.

मंग त्या आठवड्यात नदीम घरी आला माझ्या. दिवेलागणीची येळ, तृप्ती — बायको माझी — तिनं त्याला आत या म्हणलं, तर तो दारातच उभा राह्यला, चप्पल न काढता. त्याला काही उघडून बघता येत नव्हतं, लॅपटॉप घेतलेला, पासवर्ड बंद केलेला. रागात नव्हता हो. रागात असता तर बरं झालं असतं. म्हणाला, ‘आदीभाई, मला पटंना. मी फक्त माप बदललं होतं. तुम्ही स्वतः एकदा चालवून बघा ना. तुम्ही म्हणले तर मी मानतो.’

आन् मी म्हणालो, ‘चालवलं मी. तेच येऊन राह्यलं.’

एवढंच बोललो. तो म्हणाला, मंग माझीच असंल चूक, ध्यानात आली नसंल मला. आन् वरून मलाच म्हणाला, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. गेला. तृप्तीनं विचारलं, काय म्हणत होता? मी म्हणलं, काही न्हाई, पगाराचा कागद पाहिजे होता. तिला अजून तेच म्हाईत हाये.

त्यानंतरच्या ईदला वाटलं, आता काही डबा येणार न्हाई. आला. साजियानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, दरवर्षीसारखा शीरखुर्म्याचा डबा पाठवला. तृप्तीनं रिकामा परत द्यायचा नसतो म्हणून त्याच्यात शंकरपाळे भरून दिले. मला म्हणाली, खा ना, निवून चाललाय. मी म्हणलं, पोट बरं न्हाई. ह्या वर्षी पण आला. ह्या वर्षी पण पोट बरं न्हाई.

आता निम्मा बघा कसा हाये. दाखवू? नको, तुम्हाला कळायचं न्हाई, पण सुंदर झालाय. दोन रेघा, ‘चालत-होतं’. दोन रेघा, ‘बिघडलं’. क्रम कोणताही चालतो. टोकं उलटी टाकली की हात जोडून थांबतो आन् स्वच्छ मराठीत सांगतो काय चुकलं ते. कधी बिघडलं ते न शोधता कधी सुधारलं ते शोधायचं असंल तर त्याला वेगळे शब्द. मदतीच्या पानावर चार उदाहरणं. मीच केलं सगळं, त्याच महिन्यात, दीड तासाचं काम म्हणलं होतं ना, खरंच दीड तासात झालं. गेल्या वर्षी संभाजीनगरच्या एका कॉलेजात मला बोलावल्तं, हुकुमाचे ऑप्शन साधे आन् सरळ कसे लिहावेत ह्याच्यावर बोलायला. मी म्हणालो, जो हुकूम तिसऱ्या माणसाला उलटा टाकता येतो तो लिहिणाऱ्याचा गुन्हा असतो, टाकणाऱ्याचा न्हाई. टाळ्या पडल्या. शाल दिली. एका पोरानं विचारलं, सर, ही कल्पना तुम्हाला कशी सुचली? मी म्हणालो, अनुभवातून.

आन् शेवटी नाव येत न्हाई आता. बदल येतो फक्त. नाव पाहिजे असंल तर वेगळं मागायचं, आन् ते मागायला पासवर्ड लागतो, आन् तो पासवर्ड माझ्याकडं हाये. हे नदीमनं न्हाई सांगितलं, ही माझी भर. तो माणसाला वाचवा म्हणत होता, आन् मी वाचवला ना एक माणूस. कुणाला काढायचं असंल डिसेंबरातलं, तर माझ्याकडंच यावं लागंल.

हे मी तुम्हाला का सांगून राह्यलो, मला पण म्हाईत न्हाई. दीड वर्षात कुणाला सांगितलं न्हाई. तुम्ही ओळखीचे न्हाईत म्हणून असंल. आता संध्याकाळच्या गाडीनं जाल.

बरं, दाखवा तुमचा तो मोबाईलवरचा रकाना. मोठा करा जरा, अक्षर बारीक हाये. ‘मागील नोकरी सुटण्याचं कारण, उमेदवाराच्या शब्दांत.’ हे त्यानं स्वतः लिहिलंय? कुणी लिहायला सांगितलं त्याला, लोकं तर असल्या ठिकाणी ‘घरगुती कारण’ लिहितात. थांबा, वाचू द्या. ‘माझ्या हातून मोठी चूक झाली. माझ्या बदलामुळे नापास बियाण्याचं लेबल छापलं गेलं. सुरुवातीला मला हे मान्य नव्हतं, पण आमच्या आदिनाथ सरांनी स्वतः पुन्हा तपासून खात्री केली. त्यांच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. तेव्हापासून मी प्रत्येक काम दोनदा तपासतो.’

आन् हे खाली. ‘ज्यांना विचारता येईल अशी व्यक्ती.’ माझं नाव. माझा नंबर. म्हणजे शेठ नव्हते म्हणून न्हाई, तुम्ही आधीपासून माझ्याकडंच आल्ते.

थांबा जरा. पाणी पितो.

तर प्रश्न काय हाये तुमचा — उमेदवारानं लिहिलेलं बराबर हाये का. हो किंवा न्हाई. ‘न्हाई’ला बोट लावलं की खाली आणखी एक पान उघडतं, दिसलं मला. खुलासा, हुद्दा, सही. तो पुण्याला जाणार, पुण्यावाले शेठला विचारणार, शेठ हैदराबादला, मंग तृप्तीला कळणार, हसनाबादला कळणार. आन् ‘हो’ म्हणलं तर? नोकरी जाईल का त्याची? खरं सांगा. न्हाई जायची असं न्हाई, पण जाईलच असं पण न्हाई — बराबर? प्रामाणिकपणे कबूल केलंय म्हणून घेतील पण कदाचित. तुम्हीच म्हणून राह्यले, कदाचित. मंग झालं ना. त्याच्या प्रामाणिकपणावर मिळंल त्याला. मी मधी कशाला पडू.

हो करा.

मघाचं काय? मघाचं तुम्ही चहा पीत होते आन् मी बोलत होतो. त्याला जागा हाये का तुमच्या कागदात? न्हाई ना. आन् उद्या तुम्ही म्हणले की आदिनाथ असं असं म्हणाला, तर मी म्हणेन, मला आठवत न्हाई. येतं मला ते. असं बघू नका माझ्याकडं. इथं बोटानं सही करायची का? वाकडी आली, चालतीय. झालं तुमचं काम. जिना उतरताना डोकं सांभाळा, कमान बुटकी हाये. आन् खाली उतरल्यावर डाव्या हाताला वळू नका, रस्ता जवळचा हाये तो, पण तिकडं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान हाये नदीमच्या वडलांचं, फकरोद्दीनचाचांचं, आन् तो तिथं बाहेरच बसलेला असतो. त्याला म्हाईत हाये तुम्ही आज येणार म्हणून. उजव्या हातानं जावा.